खोऱ्यांतील खेडें व पाहुण्याची जकात

सुटी जवळ आली कीं घरोघर एकच विचार सुरू होतो: यंदा कोठें जावयाचें? कोणी दार्जिलिंगचें नांव घेतो, कोणी मुन्नारचें. डोंगरउतारावरचे चहाचे मळे, खालीं वाहणारी नदी, धुकें आणि शांतता यांचीं चित्रें पाहून मनास तिकडची ओढ लागावी यांत नवल नाहीं. नवल याचें वाटतें कीं, कल्याणहून एस. टी. च्या गाडीनें सकाळीं निघून न्याहारीच्या वेळेस पोहोंचतां येईल अशीं शांत खोरीं आपल्या ठाणें जिल्ह्यांतच असतां त्यांची खरी ओळख आपल्यापैकीं फार थोड्यांस आहे. तेथें चहा पिकत नाहीं, भात पिकतें. परंतु कोणाच्या ओसरीवर घटकाभर बसलें तर परसांतील गवती चहाची पात घालून उकळलेला चहा पुढें आल्यावांचून राहत नाहीं. अशा खेड्यांत पाहुण्यानें कसें जावें, कसें वागावें आणि तसेंच कां वागावें, हें समजावून सांगण्याचा या लेखाचा हेतु आहे.

प्रथम हीं खोरीं कोणतीं तें पाहूं. सह्याद्रीच्या ज्या कड्याखालीं मुरबाड व शहापूर हे तालुके वसले आहेत, त्या कड्यावरून पावसाळ्यांत शेंकडों ओढे खालीं उतरतात आणि त्यांच्याच पुढें नद्या होतात. हरिश्चंद्रगड व माळशेज यांच्या बाजूनें काळू येते. शहापूर तालुक्यांतून भातसा येऊन तिला मिळते. दक्षिणेकडे राजमाचीच्या डोंगरांत निघालेली उल्हास नदी वाटेंत बारवीस पोटांत घेते, आणि कल्याणजवळ काळूही तिला मिळाल्यावर पुढें तिची खाडी होते. नकाशा उघडून पाहिल्यास हा सारा प्रदेश पसरलेल्या पंजासारखा दिसतो. बोटें म्हणजे हीं खोरीं, आणि मनगटाशीं आपलें कल्याण.

आतां आपल्या घरांतील नळ सोडून पाहा. कल्याण-डोंबिवलीस येणारें पाणी मुख्यतः उल्हास नदीचें असतें, आणि उन्हाळ्यांत त्या नदीस बारवी धरणाचा आधार असतो. ठाण्यास उल्हास व भातसा या दोहोंचें पाणी मिळतें. मुंबईची तहानही १८९२ सालीं पुऱ्या झालेल्या तानसा तलावापासून आजतागायत बव्हंशीं याच डोंगरांनीं भागविली आहे. बारवी धरणाची उंची वाढविली तेव्हां त्या खोऱ्यांतील कांहीं गांवें व पाडे पाण्याखालीं गेले. म्हणजे कोणाची तरी चूल उठली तेव्हां आपली घागर भरली. ज्या शहापूर तालुक्यांतून महानगराकडे मोठमोठ्या नळांनीं पाणी जातें, त्याच तालुक्यांतील कित्येक पाड्यांवर उन्हाळ्यांत टँकरची वाट पाहत बसावें लागतें. आणि ही केवळ पाण्याचीच गोष्ट नव्हे. भाताची कापणी आटोपून दिवाळी झाली कीं, या भागांतील पुष्कळ कातकरी कुटुंबें मुलांबाळांसह वीटभट्ट्यांवर कामास जातात. आपल्या शहरांतील किती भिंती त्यांच्या हातच्या विटांनीं उभ्या राहिल्या असतील, याचा हिशेब कोणीं ठेविलेला नाहीं. तेव्हां आपण या खोऱ्यांत जातों तें परके म्हणून नव्हे, आणि धनी म्हणून तर नाहींच नाहीं. आपण ऋणको म्हणून जातों. हें एक सूत्र ध्यानांत धरलें तर पुढील सारे नियम आपोआप समजतात.

मुरबाड तालुक्यांतील वैशाखरे गांवाजवळून एक जुनी वाट कडा चढून नाणेघाटांत जाते. सुमारें दोन हजार वर्षांपूर्वीं कल्याण बंदराचा व्यापार या वाटेनें घाटावर जुन्नराकडे चालत असे. ग्रीक भाषेंतील 'पेरिप्लस' या प्राचीन ग्रंथांतही कल्याणचा उल्लेख आढळतो. घाटमाथ्यावरील लेण्यांत सातवाहन राणी नागनिका हिचा ब्राह्मी लेख असून त्यांतील अंक हे आपल्या देशांतील सर्वांत जुन्या अंकांपैकीं आहेत. जवळच एक मोठा दगडी रांजण आहे. येणाऱ्याजाणाऱ्या व्यापाऱ्यानें जकातीचीं नाणीं त्यांत टाकावयाचीं, असें परंपरेनें सांगतात. ज्याची वाट वापरावयाची त्यास कांहीं तरी देऊन पुढें जावें, हा त्या रांजणाचा बोध आहे. आज तो रांजण रिकामा आहे आणि आपण फुकट जातों. इतकेंच नव्हे, तर जुन्या दगडांवर खडूनें अगर चाकूनें आपलीं नांवें लिहून येणारे महाभागही आपल्यांत आहेत. नागनिकेच्या लेखांत तिच्या घराण्यानें केलेले यज्ञ व दिलेलें दान यांची नोंद आहे. आपल्या नांवाखालीं मात्र आपण काय दिलें याची नोंद करण्यासारखें कांहींच नसतें.

तर मग आजच्या पाहुण्याची जकात कोणती?

हा प्रश्न आम्हांसही एकदम सुचला नाहीं. एका श्रावणांत मुलांना घेऊन आम्ही काळूकांठच्या एका खेड्यांत गेलों होतों. गाडीवाट वळसा घेऊन जात होती, म्हणून आम्ही भाताच्या बांधांवरून रांगेनें निघालों. आदल्या रात्रीं पाऊस झालेला. वीस-पंचवीस जणांच्या पायांखालीं एके ठिकाणीं बांध खचला आणि पाहतां पाहतां खाचरांतील पाणी खालच्या ओढ्याकडे धांवूं लागलें. शेताचा धनी, एक म्हातारा शेतकरी, फावडें घेऊन आला. तो आतां रागावेल म्हणून आम्ही माना खालीं घालून उभे होतों. त्यानें चिखल ओढून भगदाड बुजविलें, पायानें दाबलें, आणि मग वर पाहून विचारलें, "गुरुजी, पोरांनी पाणी प्यालंय का?"

आम्हीं त्याची क्षमा मागितली आणि "बाबा, तुमची मजुरी तरी घ्या," असें म्हणून पैसे पुढें केले. "राहू द्या, गुरुजी. पुढच्या खेपेला गाडीवाटेनं या," एवढेंच तो बोलला. आमची चूक आणि तिचा उपाय हीं दोन्ही त्यानें त्या एका वाक्यांत सांगितलीं. परंतु बांध फुटणें म्हणजे काय, हें आम्हांस मागाहून समजलें. तें येथें सांगतों, कारण रीत कां पाळावयाची हें समजलें नाहीं तर ती पाळली जात नाहीं.

भाताची तयारी पावसाच्या कितीतरी आधीं, फाल्गुन-चैत्रांतच सुरू होते. शेतकरी रोपाच्या वाफ्यावर पालापाचोळा, फांद्या, गवत व शेण पसरतो, त्यावर मातीचा थर देतो आणि तें सारें भाजतो. यास राब म्हणतात. भाजलेल्या जमिनींतील तणाचें बीं मरतें आणि रोप जोमानें उगवतें. मृगाच्या पावसावर पेरणी होते. आषाढांत रोपें उपटून, चिखल केलेल्या खाचरांत त्यांची आवणी करितात. बायकापुरुष दिवसभर पावसांत कंबरेंत वाकून हें काम करितात. पुढें बेणणी, आणि दसऱ्या-दिवाळीच्या सुमारास कापणी व झोडणी. आवणीनंतर कांहीं आठवडे खाचरांत पाणी उभें राहिलें पाहिजे. तें पाणी तणास दाबून धरतें आणि रोपास पोसतें. खाचर हें एक उथळ ताट समजा. बांध हा त्याचा कांठ. कांठ फुटला कीं पाण्याबरोबर घातलेलें खत आणि कमावलेली माती वाहून जाते. शिवाय खाचरें जिन्याच्या पायऱ्यांसारखीं एकाखालीं एक असतात. वरचें पाणी एकदम सुटलें तर तें खालच्या बांधावर आदळतें आणि शेजाऱ्याचेंही नुकसान होतें. या भागांत बहुतेकांचें भात वर्षांतून एकदांच पिकतें. आपल्या एका पावलानें जें वाहून जातें तें एका घराच्या वर्षाच्या अन्नांतून जातें.

म्हणून पहिला नियम वेळेचा व वाटेचा. खेड्यांत जाण्यास उत्तम काळ कार्तिकापासून माघापर्यंतचा. तेव्हां झोडणी होऊन माणसांस थोडी उसंत असते, वाटा कोरड्या असतात, नदी शांत असते, आणि म्हसा येथें पौष पौर्णिमेस भरणारी यात्रा व गुरांचा बाजार पाहावयास मिळतो. आवणीच्या दिवसांत जाणें झालेंच तर वाटेवर उभें राहून पाहावें; बांधावर पाय ठेवूं नये. चार-आठ दिवस आधीं सरपंचांस अगर तेथील शाळेच्या गुरुजींस निरोप पाठवावा, किती जण येणार तें सांगावें, आणि 'आतां नको' असा उलट निरोप आला तर तो मान्य करावा. आपल्या घरीं लग्नकार्य चालू असतां पन्नास अनोळखी माणसें दारांत उभीं राहिलीं तर आपणांस कसें वाटेल, याचा विचार केला म्हणजे हें पटतें. जातांना शक्य तों एस. टी. नेंच जावें. पांच मोटारी गांवाच्या अरुंद रस्त्यावर उभ्या केल्या तर बैलगाडीस, ट्रॅक्टरास आणि प्रसंगीं आजाऱ्यास नेणाऱ्या गाडीसही वाट उरत नाहीं.

दुसरा नियम पाण्याचा. पावसाळ्यांत दुथडी भरून वाहणारी नदी पाहिली कीं येथें पाण्याला काय तोटा, असें शहरच्या माणसास वाटतें. परंतु हा सारा प्रदेश काळ्या पाषाणाचा. पडलेलें पाणी भराभर वाहून जातें. पौष-माघापासून धार बारीक होते आणि चैत्रांत कित्येक ठिकाणीं नदी म्हणजे तुटक डोहांची एक ओळ उरते. बायका वाळूंत झिरा खणून त्यांत ठिबकणारें पाणी वाटीवाटीनें घागरींत भरितात. वाहत्या पाण्यांत घाण पडली तर ती पुढें तरी जाते. साचलेल्या डोहांत ती तेथेंच राहते. आपण त्यांत साबण लावून आंघोळ केली, तेलकट भांडीं घासलीं अगर मोटार धुतली, तर तेंच पाणी सायंकाळीं गुरें पितात आणि त्यांतलेच मासे गांवकरी खातात. म्हणून आंघोळ करावयाची असल्यास बादलीनें पाणी घेऊन कांठापासून दूर, साबणावांचून करावी. विहिरीवर व पाणवठ्यावर आधीं बायकांस भरूं द्यावें. आणि शौचास पाण्याच्या जवळपास केव्हांही बसूं नये. कोणाच्या घरच्या शौचालयाची सोय विचारून घ्यावी आणि त्याबद्दल कृतज्ञ असावें.

तिसरा नियम कचऱ्याचा. शहरांत आपण कचरा दारांत ठेवितों आणि घंटागाडी तो घेऊन जाते. म्हणून कचरा 'नाहींसा होतो' अशी आपली समजूत झाली आहे. डोंगराच्या पायथ्याशीं असलेल्या पाड्यावर घंटागाडी येत नाहीं. तेथें टाकलेली प्लास्टिकची पिशवी एक तर गाईच्या पोटांत जाते, नाहीं तर पहिल्या पुराबरोबर नदींत. महाराष्ट्र सरकारनें २०१८ सालीं पुष्कळ प्रकारच्या प्लास्टिकच्या वस्तूंवर बंदी घातली. परंतु पिशवींतील खाऊ घेऊन जाणारे हात आपले असतात, आणि तेथवर कायद्याचे हात पोहोंचत नाहींत. उपाय साधा आहे. जितकें घेऊन गेलों तितकें परत आणावें. पाण्यासाठीं तांब्या अगर धातूची बाटली न्यावी. आणि निघतांना प्रत्येकानें आपल्या बसल्या जागेकडे एकदां वळून पाहावें. फुटलेली कांचेची बाटली तर कोठेंही टाकूं नये. चिखलांत अनवाणी आवणी करणाऱ्या बाईच्या पायास ती कापते, आणि दवाखाना कोसांवर असतो.

चौथा नियम अन्नाचा व पैशाचा. आपल्या सहली बहुधा अशा होतात: शिधा शहरांतून, चटया शहरांतल्या, गाडी शहरांतली, आणि गांवास मिळतो तो फक्त गोंगाट व उष्टें. हें उलटें झालें पाहिजे. आपल्या शिष्यांस गांवोगांव पाठवितांना प्रभु येशूनें त्यांस काय सांगितलें, तें लूककृत शुभवर्तमानाच्या दहाव्या अध्यायांत आहे. ज्या घरीं स्वागत होईल तेथेंच राहावें, चांगल्या घराच्या शोधांत हिंडूं नये, आणि जें पुढें वाढतील तें खावें, असा त्या उपदेशाचा आशय आहे. पाहुण्याच्या धर्माचें याहून थोडक्यांत सार सांगतां येणार नाहीं. तांदळाची भाकरी, वालाची आमटी, पावसाळ्यांत शेवळें, टाकळा, कुर्डू अशा रानभाज्या, क्वचित् खेकड्यांचें कालवण, हें तेथील अन्न. तें आधीं सांगून करवून घ्यावें, आवडीनें खावें, ताटांत टाकूं नये, आणि त्याचें मोल न विचारतांही पुरतें द्यावें. कोणी भिडस्तपणें घेण्यास नाहीं म्हटलें तर घरच्या बाईच्या हातीं द्यावें. वाटेंत पानाच्या द्रोणांतून करवंदें व जांभळें विकणाऱ्या बायका बसतात. त्या पहाटे अंधारांत निघून काट्यांच्या जाळींतून तीं वेंचून आणितात. दुकानांत छापील किंमत मुकाट्यानें देणाऱ्या आपण त्यांच्याशीं दोन रुपयांसाठीं घासाघीस करावी हें शोभत नाहीं. परत येतांना तांदूळ, वाल, भेंडी, काकडी जें मिळेल तें थेट त्यांच्याकडून घ्यावें. ही खरी जकात. आणि ती देतांना उपकाराची भाषा नको. दयेनें टाकलेला पैसा घेणाऱ्यास खालीं पाहावयास लावतो, योग्य मोल त्यास ताठ उभें करतें.

पांचवा नियम माणसांचा. खेडें म्हणजे प्रदर्शन नव्हे. आपली आई भांडीं घासत असतां कोणा अनोळखी माणसानें तिचा फोटो काढून तो साऱ्या जगास दाखविला तर आपणांस राग येईल; तेथील आईही कोणाची तरी आईच असते. म्हणून आधीं विचारावें, 'नको' म्हटल्यास मोबाईल खिशांत ठेवावा. वडिलांस काका, आजोबा, बायांस मावशी, ताई असें म्हणावें. 'ए, इकडे ये' ही हांक कोणासही मारूं नये. मुलांच्या हातीं सुटे पैसे अगर गोळ्या देऊं नयेत. त्यानें पाहुणा दिसतांच हात पसरण्याची संवय लागते, आणि ती संवय लावणारे आपणच असतों. द्यावयाचेंच असेल तर शाळेच्या गुरुजींस विचारून पुस्तकें द्यावींत. पौष-माघांत एखाद्या वाडींत कुडाच्या दारांस कडी लावलेलीं कित्येक घरें दिसतात. तीं ओसाड नव्हत. धनी वीटभट्टीवर गेले आहेत, आणि त्यांच्याबरोबर मुलांचें शिक्षणही अर्ध्यावर राहिलें आहे. तेथें डोकावून आंत पाहूं नये. ज्या वयांत आपण सहलीस येतों त्याच वयाचीं तीं मुलें विटा उचलीत असतील, हें आठवून पुढें जावें.

या लोकांचा विचार करतांना आणखी एक गोष्ट स्मरणांत असावी. १९४२ च्या चळवळींत माथेरानचे भाई कोतवाल यांनीं आझाद दस्ता उभारला आणि याच डोंगरांचा आश्रय घेतला. २ जानेवारी १९४३ रोजीं मुरबाड तालुक्यांतील सिद्धगडाच्या रानांत ते व त्यांचे सोबती हिराजी पाटील पोलिसांच्या गोळ्यांनीं पडले. रानांतील माणसांच्या भाकरीवांचून आणि मौनावांचून असा दस्ता एक आठवडाही टिकला नसता. दर वर्षीं त्या दिवशीं लोक सिद्धगडास हुतात्म्यांच्या वंदनास जातात. अशा भूमींत 'हे अडाणी लोक' असा शब्द ज्याच्या तोंडून निघेल, त्याचेंच शिक्षण अपुरें समजावें.

सहावा नियम रानाचा. कित्येक गांवांच्या कडेस देवराई असते. देवाचें रान म्हणून तेथील फांदीसही कोणी हात लावीत नाहीं. माधव गाडगीळ व व्ही. डी. वर्तक या शास्त्रज्ञांनीं महाराष्ट्रांतील देवरायांचा अभ्यास केला, तेव्हां एरवीं तुटून गेलेलीं झाडें व वेली या श्रद्धेमुळें तेथें वांचल्याचें विद्वानांच्या ध्यानांत आलें. जुन्या झाडांचा पालापाचोळा पावसाचें पाणी शोषून धरतो आणि सावकाश सोडतो. म्हणून देवराईच्या खालीं पुष्कळदां झरा आढळतो. आपली श्रद्धा कोणतीही असो, तेथें पायांतील काढून, मोठ्यानें न बोलतां जावें. माघानंतर डोंगरावरचें गवत वाळतें. तेव्हां चूल पेटविणें, जळती काडी टाकणें हें वणव्यास आमंत्रण होय, आणि त्या वणव्यांत गुरांचा चारा व पाखरांचीं घरटीं जळतात. कर्ण्यावरचीं गाणीं तर आपल्या खोलींतच राहूं द्यावींत. जें गांव पहाटे उठतें तें रात्रीं लवकर निजतें.

सातवा नियम जिवाचा. दर पावसाळ्यांत धबधब्यांवर व डोहांत शहरांतील तरुण बुडाल्याच्या वार्ता येतात, आणि कित्येकदां जिल्हाधिकारी अशा ठिकाणीं जाण्यास मनाई करितात. ती मनाई मोडणें म्हणजे शौर्य नव्हे. आपण उभे असूं तेथें ऊन असतांही वर कड्यावर पाऊस पडला कीं ओढा घटकेंत फुगतो. पाणी एकाएकीं गढूळ झालें, त्यांत पानें-काटक्या वाहूं लागल्या अगर वरून घुमल्यासारखा आवाज आला, तर सामान टाकून उंचावर यावें. गांवकऱ्यानें 'उतरूं नका' म्हटलें तर उतरूं नये. त्यास तो डोह लहानपणापासून ठाऊक असतो. आणि एवढें सांगूनही कोणी उतरून बुडाला, तर त्याला काढण्यास प्रथम त्या गांवचाच कोणी तरुण उडी घेतो. आपल्या हट्टाची किंमत दुसऱ्याच्या जिवानें देण्याचा आपणांस अधिकार नाहीं. २७ जुलै २०१९ रोजीं उल्हासेच्या पुरांत बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस अडकली. हजाराच्या वर उतारू पाण्यानें वेढले गेले. सरकारी पथकें होड्या घेऊन आलीं, आणि आसपासचे गांवकरीही मदतीस धांवून आले. 'माझा शेजारी कोण?' या शुभवर्तमानांतील प्रश्नाचें उत्तर त्या दिवशीं चिखलांतून चालत आलें.

येथें कोणी विचारतील कीं, इतके नियम पाळावयाचे तर न गेलेलें काय वाईट? आणि उलट कोणी म्हणतील कीं, पाहुणे जितके अधिक तितका गांवास पैसा अधिक. मग हा संकोच कशास? आमच्या मतें दोन्ही बाजू अर्ध्या खऱ्या आहेत. कोणीच गेलें नाहीं तर आपल्या नळाच्या दुसऱ्या टोंकास कोण राहतें हें आपल्या मुलांस कधींच कळणार नाहीं, आणि ज्यास आपण ओळखत नाहीं त्याचें दुःख आपणांस लागत नाहीं. परंतु झुंडीनें गेलों तर ज्या शांततेसाठीं गेलों तिचाच नाश होतो, आणि पैसा बहुधा बाहेरून येऊन जागा घेणाऱ्यांच्या हातीं जातो. म्हणून थोडे जावें, पुन्हां पुन्हां त्याच गांवीं जावें, आणि ओळख वाढवावी. एका वर्षांत दहा स्थळें पाहण्यापेक्षां दहा वर्षें एका गांवीं जाणें हें अधिक शिकविणारें आहे. त्या म्हाताऱ्या शेतकऱ्याकडे आम्ही पुढील वर्षीं गेलों तेव्हां गाडीवाटेनें गेलों. त्यानें आम्हांस ओळखलें आणि तोच बांध दाखविला. त्यावर आतां गवत उगवलें होतें.

शेवटचा नियम घरचा आहे. नदी कल्याणास आली कीं तिचें काय होतें तें वालधुनीच्या पुलावर उभें राहून पाहावें. डोंगरांतून स्वच्छ आलेलें पाणी आपण वापरतों आणि सांडपाणी, रसायनें व कचरा घालून खाडीस देतों. खेड्यांत जाऊन एक कागद उचलावा आणि घरीं नळ वाहता सोडावा, ही दांभिकता होय. दांत घासतांना नळ बंद करणें, गळका नळ दुरुस्त करून घेणें, तांदूळ धुतलेलें पाणी झाडांस घालणें, निर्माल्य व प्लास्टिक खाडींत न टाकणें, हीं कामें लहान मुलासही करतां येतात. आणि त्यांसाठीं डोंगर चढावा लागत नाहीं.

विद्यार्थी मित्रहो, नाणेघाटांतील तो रांजण दगडाचा आहे. तो कोणाच्या मागें लागून जकात मागत नाहीं. खोऱ्यांतील माणसेंही मागत नाहींत. तीं आधीं तुम्हांस पाणी प्यालांत का म्हणून विचारितात. म्हणूनच आपली जकात आपण स्वतः मोजून टाकावयाची आहे: योग्य मोल, स्वच्छ पाणी, मऊ शब्द आणि न मोडलेला बांध. पुढील सुटींत आईवडिलांबरोबर तिकडे जाल तेव्हां गाडीवाटेनें जा, आणि सायंकाळीं घरीं परत येऊन तहान लागली म्हणजे पेला तोंडास लावण्यापूर्वीं तें पाणी कोठून आलें याची क्षणभर आठवण करा.